तीर्थ, तारू आणि तांडेल

गोदावरीने जन्मतःच समुद्राकडे पाठ फिरवली. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर. पण ही नदी त्या शेजारच्या सागराला नकार देते, पूर्वेकडे वळते आणि १,४६५ किलोमीटरांची वाट तुडवून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या काठचा नाशिककरही तिच्याच वळणावर गेलेला! द्राक्षाच्या वेलीची छाटणी केव्हा करावी, कांदा चाळीत किती दिवस टिकेल, हे तो झोपेतही सांगेल. पण समुद्र म्हणजे त्याच्या लेखी मुंबईच्या चौपाटीवर भेळ खाताना समोर दिसणारे पाणी. तारवाची नाळ कोणती, परबाण कशाला म्हणतात, नाखवा थोर की तांडेल थोर, असल्या गोष्टी त्याला विचारू नयेत आणि त्यानेही त्या सांगू नयेत, असाच आजवरचा शिरस्ता आहे.

आणि तरीही गंमत अशी की, होड्यांविषयीचा एक फार जुना कोरीव मजकूर वाचायचा असेल तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाण्याचे कारण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढल्या म्हणजे पुरे. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने आपल्या दानधर्माची यादी दगडात खोदून ठेवली आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. यादीत गाई आहेत, सोने आहे, गावे आहेत; हे सारे राजेलोकांच्या यादीत असतेच. पण मध्येच एक ओळ अशी येते की वाचणारा थबकतो. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर उषवदाताने नावा ठेवल्या, आणि त्या नावांतून लोकांना फुकट पलीकडे उतरवण्याची सोय केली. एवढेच करून तो थांबला नाही. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर वाटसरूंना टेकायला धर्मशाळा आणि प्यायला पाणपोया बांधून दिल्या.

यांतली पारादा म्हणजे आपली पार नदी, आणि दमणा म्हणजे दमणगंगा. दोघीही नाशिकच्याच पश्चिम डोंगरात उगम पावतात. गोदावरीने पाठ फिरवली, पण या तिच्या धाकट्या बहिणी मात्र सरळ समुद्राकडे धावत गेल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. तेव्हा ही यादी म्हणजे सह्याद्रीच्या घाटाखालून भडोचकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेचा नकाशाच आहे. त्या वाटेवर ज्या ज्या ठिकाणी पाणी आडवे येत होते, त्या त्या ठिकाणी या माणसाने एक नाव उभी केली. नदी ओलांडणे ही गरिबाला न परवडणारी गोष्ट होऊ नये, हा विचार एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मनात आला आणि त्याने तो नाशिकच्या दगडावर लिहून ठेवला.

त्याच लेखात नाणंगोल गावच्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचे दान नोंदलेले आहे. ते दिले गेले साधूंच्या संघांना. पण नारळीचे झाड आणि तारू यांचे नाते ठाऊक असणाऱ्याला त्या आकड्यात आणखीही काही दिसते. नारळाच्या काथ्याचे दोर खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर जुन्या काळी होडीच्या फळ्यासुद्धा खिळ्यांऐवजी याच काथ्याने शिवीत असत. जिथे नारळ, तिथे दोर. आणि जिथे दोर, तिथे शीड.

*

आता त्या शिलालेखातला एक शब्द उचलून पाहू. फुकट उताराला तिथे ‘पुण्यतर’ म्हटले आहे. यातला ‘तर’ म्हणजे नदी ओलांडण्याची सोय. मुळात संस्कृतातला ‘तॄ’ हा धातू: अर्थ, ओलांडणे, पलीकडे जाणे. एवढ्याशा धातूने मराठीत केवढा संसार थाटला आहे! तरणे, तारणे, तारू, तीर, उतार, उतारू हे सगळे त्याच घरचे. आगगाडीतल्या प्रवाशाला आपण ‘उतारू’ म्हणतो तेव्हा मनातल्या मनात त्याला नावेतूनच उतरवीत असतो. परमेश्वर आपल्याला ‘तारतो’, म्हणजे आधी तो नावाडी असावा लागतो.

आणि ‘तीर्थ’? तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार. जिथे पाणी ओलांडता येते ती जागा. पुढे तिथे माणसे जमू लागली, स्नाने होऊ लागली, देवळे उभी राहिली आणि शब्दाला पावित्र्य चढले. आज नाशिकला तीर्थक्षेत्र म्हणताना आपल्याला रामकुंड आठवते, सिंहस्थ आठवतो. पण त्या शब्दाच्या तळाशी अजून एक नावाडी वल्हे हातात घेऊन बसला आहे. समुद्राचे काही ठाऊक नसलेल्या या गावाचे सर्वांत पवित्र विशेषण नावाड्याच्या शब्दकोशातून आले आहे!

देशावरच्या भाषेत असे लपलेले नावाडी जागोजाग सापडतात. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजण्यासाठी दगडाची डोण असते. ‘द्रोणी’ या संस्कृत शब्दाचे ते रूप, आणि द्रोणी म्हणजे पन्हळ तशीच लहानशी नावही. एकाच लाकडाचे खोड कोरून काढले की त्यात पाणी भरावे किंवा ते पाण्यावर सोडावे! ‘कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा’ ही म्हण तर सरळ नदीकाठीच जन्मली असणार. पावसाळ्यात गाडा नावेत चढवून पलीकडे न्यायचा आणि उन्हाळ्यात नाव दुरुस्तीसाठी गाड्यावर घालून न्यायची. दैव कोणाला केव्हा कोणाच्या खांद्यावर बसवील, याचा नेम नाही. शिवाय मराठीने ‘नाव’ या शब्दाला दोन अर्थ देऊन मोठी खुबी केली आहे. मुलाने बापाचे नाव बुडवले, असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय बुडाले हे कळते. पण चित्र मात्र डोळ्यांपुढे होडीचेच उभे राहते.

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार तर इतका घरगुती झाला आहे की, नोकरी आणि संसार यांची सांगड घालणाऱ्या गृहिणीला त्यात पाण्याचा थेंबही दिसत नाही. पण सांगड म्हणजे दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन भोपळे एकत्र बांधून केलेले तरते साधन. एकटी होडी कलंडते, जोडी कलंडत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने आपल्या समुद्राची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात पूर्व किनाऱ्यावरच्या अशा जोडहोड्यांना त्याने ‘संगारा’ म्हटले आहे, आणि अभ्यासक त्याचा संबंध याच कुळातल्या शब्दांशी जोडतात. त्याच पुस्तकात भडोचच्या खाडीच्या तोंडाशी राजाचे कोळी ‘कोटिंबा’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन परदेशी गलबतांना वाट दाखवायला उभे असत, असे वर्णन आहे. कच्छ-काठेवाडच्या किनाऱ्यावर ‘कोटिया’ नावाचे गलबत अगदी विसाव्या शतकापर्यंत चालत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे शब्द माणसांपेक्षा किती चिवट असतात ते कळते.

पांडवलेण्यांतच आणखी दोन साक्षी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण गाताना सांगते की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. इथेही वाहन घोडाच बरे का! देशावरचा राजा समुद्रापर्यंत गेला, पण घोड्यावरून गेला आणि घोड्याला पाणी पाजून परत आला. पण त्याच घराण्यातल्या यज्ञ सातकर्णीने, ज्याच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षीचा लेख विसाव्या लेण्यात आहे, आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरवले. घोडा आणि जहाज यांच्यातली ही ओढाताण मराठी मुलखाच्या इतिहासात पुढेही संपलेली नाही.

*

तारवाची भाषा ऐकायची म्हणजे आधी तारू नीट पाहिले पाहिजे. चला, एक जुने शिडाचे गलबत डोळ्यांपुढे उभे करू.

पुढचे निमुळते टोक, जे पाणी कापते, ती नाळ. मधोमध उभी ती डोलकाठी. आपल्याकडच्या गलबतांत ती बहुधा किंचित पुढे कललेली असे. डोलकाठीवर तिरपे लटकते ते लांबलचक लाकूड म्हणजे परबाण, आणि त्या परबाणाला बांधलेले कापड म्हणजे शीड. मागे, पाण्यात बुडालेली फळी ज्याच्या ताब्यात, ते सुकाणू. थांबायचे तेव्हा पाण्यात सोडायचा तो नांगर. वारा पडला की हातात घ्यायची ती वल्ही. होडी लहान आणि अरुंद असेल तर ती कलंडू नये म्हणून एका अंगाला आडव्या दांड्यांनी जोडलेला जो ओंडका, त्याला मालवणकडे उलांडी म्हणतात. पाण्याची खोली मोजायची ती वावेने; दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव.

आता या शब्दांची कुळे पाहा. सुकाणू आले अरबी ‘सुक्कान’वरून. खलाशीही अरबीच. होकायंत्रातला ‘होका’ म्हणजे अरबीतली डबी. ज्या डबीत सुई ठेवलेली असे ती डबी. बंदर फारसी. सारंग हा फारसी ‘सरहंग’. नाखवा म्हणजे फारसी ‘नाखुदा’, नावेचा खुदा, नावेचा धनी. आणि भर समुद्रात तो खरोखरच खुदाच्या खालोखाल असे. फारसी ‘लंगर’ मराठीत आला आणि ‘नांगर’ झाला. शेतकऱ्याच्या कानाने तो ऐकला आणि आपल्या ओळखीच्या अवजाराचे नाव त्याला देऊन टाकले. एक नांगर जमिनीत रुतून पुढे चालतो, दुसरा जमिनीत रुतून थांबवतो! आणि ‘आरमार’? तो पोर्तुगीज ‘आर्मादा’. ज्या शत्रूशी समुद्रावर गाठ पडली, त्याच्याच तोंडचा शब्द आपण उचलला. पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या घरात आणखीही बरेच काही उतरले: पगार, चावी, बालदी, लिलाव. काजू आणि बटाटा तर आहेतच. आणि समोरच्या तबकातली मोसंबी आफ्रिकेच्या मोझांबिकचे नाव मिरवते.

म्हणजे मराठी गलबताची फळी न् फळी निरनिराळ्या बंदरांतून आलेली आहे. दर्यावरच्या माणसाला भाषेचा सोवळेपणा परवडत नाही. वादळात ज्या शब्दाने दोर लवकर ओढला जाईल, तो शब्द खरा.

*

शिडाचे गलबत वाऱ्यावर चालते, हे सर्वांना ठाऊक असते. पण वारा समोरून आला तर? इथेच खरी विद्या आहे. वारा पाठीमागून असला की काही कौशल्य लागत नाही. उघडलेली छत्रीसुद्धा माणसाला ओढत नेते. वारा समोरून आला की गलबत सरळ त्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. पण वाऱ्याशी तिरके जाऊ शकते. शीड तिरपे धरायचे, म्हणजे वारा त्याला एका अंगाला ढकलतो. गलबताचा पाण्यातला लांब, खोल तळ त्याला आडवे सरकू देत नाही. मग ओल्या बोटांत दाबलेली चिंचोक्याची बी जशी पुढे सटकते, तसे गलबत पुढे सटकते. थोडे डावीकडे तिरके गेल्यावर शीड फिरवायचे आणि उजवीकडे तिरके जायचे. अशी नागमोडी चाल करीत वाऱ्याच्याच जोरावर वाऱ्याच्या उगमाकडे जाता येते. ‘वारा पाहून पाठ फिरवावी’ ही म्हण जमिनीवरच्या माणसाची. तांडेल पाठ फिरवीत नाही, तो शीड फिरवतो.

वाऱ्यांनाही नावे आहेत, आणि ती आपण शाळेच्या भूगोलात घोकलेली असतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. ते मतलई वारे. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केलेल्या या दोन नावांवर कोकणातल्या कोळ्याचे घर चालत आले. पहाटेच्या मतलईवर होडी बाहेर काढायची आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर परत आणायची. वर्षाचे पंचांगही असेच. पावसाळ्यातले चार महिने समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग शिडे बाहेर काढायची. ‘मोसमी’ वाऱ्यातला मोसम हाही अरबी खलाशाचाच शब्द.

भरतीचेही दोन प्रकार. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, ओढ वाढते आणि पाणी फार चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ओढ विभागली जाते, पाणी कमी चढते, तो भांग. दिवाळीतले लक्ष्मीपूजन अमावास्येचे. तेव्हा आपण देशावर पणत्या लावीत असतो, त्या वेळी किनाऱ्यावर उधाणाचे पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेले असते. आनंदाला उधाण आले, असे आपण दिवाळीत लिहितो. ते लिहिणाराला ठाऊक असो वा नसो, खगोलशास्त्राला धरूनच असते.

*

आता त्या घोड्याच्या आणि जहाजाच्या भांडणाकडे वळू. देशावर वाढलेल्या एका पुरुषाला हे भांडण मिटवता आले होते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लगोलग तिथल्या खाडीत तारवे बांधायला आरंभ केला. १६६४ मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. १६६५ मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. आणि १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीच्या बेटावर त्यांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांशी सरळ गाठ पडली.

खांदेरीची गोष्ट ही गलबतांच्या बांधणीची गोष्ट आहे. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी, पण त्यांना वारा लागे आणि खोल पाणी लागे. मराठ्यांची तारवे लहान, तळाला उथळ, आणि वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणारी. इंग्रजांनी बेटाला वेढा दिला; रात्र झाली की लहान होड्या त्यांच्या नाकासमोरून खडकांमधल्या उथळ पाण्यातून निसटत आणि बेटावर दाणागोटा, माणसे, चुना पोचवीत. ऑक्टोबरमधल्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे तारू मराठ्यांच्या हाती लागले. पुढे १६८० च्या आरंभी इंग्रजांना वेढा उठवावा लागला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

या आरमारातली मुख्य तारवे दोन: गुराब आणि गलबत. गुराब म्हणजे अरबीत कावळा. पुढे चोच काढल्यासारखी तिची नाळ लांब आणि सखल असे, आणि त्या चोचीवरून तोफा समोर डागता येत. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या तारवांचे वर्णन लिहिले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन डोलकाठ्यांची दीडशेपर्यंतची; गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारे. वारा पडला की गलबते गुराबेला दोर बांधून ओढत नेत, आणि शत्रूच्या मागे नेऊन उभी करीत. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनीही मध्यम बेताच्या गुराबाच बांधाव्यात, वाऱ्यावाचून निरुपयोगी होणारी अवजड तारवे बांधू नयेत, असा सल्ला देऊन ठेवला आहे. खांदेरीला जे कळले होते, त्याचीच ती नोंद.

त्याच आज्ञापत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती मला तोफांहून मोलाची वाटते. आरमाराला लाकूड लागते. पण रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे अमात्य बजावतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. नदी ओलांडणाऱ्या गरिबाचा विचार करणारा उषवदात आणि आंब्याच्या धन्याचा विचार करणारा अमात्य, दोघांमध्ये पंधराशे वर्षांहून अधिक अंतर आहे, पण दोघे एकाच गावचे वाटतात.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांपैकी कोणालाही कोकणचा किनारा सुखाने पार करता आला नाही. पुढे घरात फूट पडली. विजयदुर्गावर बसलेले तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांचा हात धरला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गापुढे आले. तोफांच्या माऱ्यात एका तारवाला आग लागली. एकमेकांना खेटून नांगरलेली तारवे एकामागून एक पेटली आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. किल्ला पुढे तहाने पेशव्यांना मिळाला. आरमार मात्र परत मिळण्यासारखे उरलेच नव्हते.

पेशव्यांची अडचण खोटी होती असे नव्हे. न जुमानणारा सरदार कोणत्याच सत्तेला चालत नाही. पण घोडेस्वाराच्या नजरेने पाहिले, की बंडखोर सरदार तेवढा दिसतो; त्याच्या मागे उभी असलेली साठसत्तर वर्षांची तारवे, तांडेल, सुतार आणि शिडे शिवणारे हात दिसत नाहीत. सरदार पुन्हा करता येतो, तांडेल पिढ्यांनी होतो. पेशव्यांजवळ पुढेही आरमार होते, धुळपांनी ते नेटाने सांभाळले. पण मुंबईच्या इंग्रजांना धाक बसेल असे बळ त्यात पुन्हा आले नाही. याच नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई आयुष्याच्या अखेरीस नाशिकजवळ गंगापूरला गोदाकाठी येऊन राहिल्या. पानिपताने त्यांचा पुत्र नेला होता. त्या घराच्या दुःखात विजयदुर्गाच्या राखेचा कोणी हिशेब केला असेल, असे वाटत नाही. पानिपत मराठी माणसाच्या जिभेवर कायमचे बसले; विजयदुर्ग बसला नाही. कारण पानिपतावर घोडे मेले, आणि विजयदुर्गात जहाजे.

*

आरमार गेले तरी भाषा राहिली. मालाची शिबाडे, फत्तेमारी, मचवे आणि पडाव कोकणच्या खाड्यांतून पुढेही शतक-दीड शतक कौले, मीठ, नारळ आणि माणसे वाहत होते. त्यांच्यावर नाखवे होते, तांडेल होते. आज ही दोन्ही आडनावे उरली आहेत. मग आगबोटी आल्या, रस्ते झाले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होड्यांना इंजिने बसली. इंजिनाने कोळ्याचे कष्ट कमी केले आणि वादळात त्याचा जीव वाचवला. त्याबद्दल कोणी कुरकूर करू नये. पण इंजिन आले की परबाण जाते. परबाण गेले की ते बांधणाऱ्या दोरांची नावे जातात, त्या गाठींची नावे जातात, शिडाच्या कोपऱ्यांची नावे जातात. वस्तू संग्रहालयात ठेवता येते. शब्द ठेवता येत नाही. तो कोणाच्या तरी तोंडात असावा लागतो.

पण भाषा किनाऱ्यावरच टिकते असे थोडेच आहे? नाशिक जिल्ह्यातला चांदवड तालुका पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारा. तिथल्या तळेगाव रोही गावचा दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाला, तिथे त्याच्या हाती प्रथम वल्हे आले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकट्याने नौका वल्हवीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. ज्या गावाने विहिरी खोदता खोदता हात सोलून घेतले, त्या गावच्या हातांना वल्हे अवजड वाटले नसावे. दर्यावर्दी होण्यासाठी दर्याकाठीच जन्मावे लागते, ही समजूत या एका माणसाने मोडीत काढली.

आणि नावाड्याचे मूळ काम? तेही संपलेले नाही. नाशिक जिल्ह्याच्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यात, शेंद्रीपाडा नावाच्या वस्तीवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून पाणी आणायला जात. ती छायाचित्रे छापून आली तेव्हा, २०२२ च्या जानेवारीत, तिथे लोखंडी पूल बसवला गेला. त्याच वर्षीच्या जुलैच्या पुरात तो वाहून गेला. पार आणि दमणगंगा ज्या डोंगररांगांत उगम पावतात, त्याच रांगांतली ही वस्ती. पांडवलेण्यातला तो लेख तिथून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

उषवदाताने आपल्या लेखात लढाया जिंकल्याचेही सांगितले आहे. त्या लढाया आज कोणाच्या खिजगणतीत नाहीत. त्याचा सासरा तर गौतमीपुत्राकडून पुरता पराभूत झाला. उरली ती सहा नद्यांवरची नाव. दिवाळीच्या सुटीत पाहुणे घेऊन लेणी पाहायला निघालात, तर बुद्धमूर्तींपुढे हात जोडून झाल्यावर दहाव्या लेण्याच्या ओसरीत दोन मिनिटे थांबा आणि मुलांना ती ओळ दाखवा. अक्षरे ब्राह्मी आहेत, वाचता येणार नाहीत. पण तीर्थ म्हणजे काय, एवढे त्यांना तिथे उभे राहून सांगता येईल: जिथून पलीकडे जाता येते, ती जागा.